फोर्कलिफ्ट: नवीन घ्यावी की जुनी? (मकरपुरा जीआयडीसी, बडोदा)

रेडिएटरवाला (धागाकर्ता) | ४ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बडोद्याचे आणि धंद्यातले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय.

मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं युनिट आहे, ट्रान्सफॉर्मरचे रेडिएटर बनवतो. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरवाले भरपूर, त्यामुळे काम बरं आहे. बाबांनी नोकरी सोडून भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली होती, आता दोन प्लॉट आहेत, रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक.

आजवर माल चढवायला-उतरवायला हायड्रा (छोटी चाकांची क्रेन) भाड्याने मागवतो. फोनवर तो कायम 'रस्त्यातच आहे' असतो आणि येतो दुपारी तीनला. तोवर ट्रकवाला हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, लावतो. गेल्या महिन्यात हायड्राचंच बिल ३८ हजार झालं, तेव्हा बाबा स्वतःहून म्हणाले, की आता आपली फोर्कलिफ्ट घेऊ.

इथपर्यंत एकमत. पुढे घरात महाभारत. नवीन २ टनी डिझेलचं कोटेशन आलंय १०.४० लाख अधिक जीएसटी. एक दलाल २ टनीच जुनी डिझेल ३.७५ लाखांत देतोय, २०१४ चं मॉडेल, मीटरवर ४,१०० तास. बाबा म्हणतात जुनीच घे, लोखंडाला काय होतंय. मेहुणा म्हणतो नवीन इलेक्ट्रिक घ्या, डिझेलचे दिवस गेले. मी मध्ये.

आमचे क्रेट लाकडी, सगळ्यात मोठा १.८ टनाचा. लांब बाजू साडेतीन मीटर, आडवी बाजू दीड मीटर. शेड दोन्हीकडून उघडी आहे. उंच रॅक नाहीत, ट्रकवर चढवायचं आणि दोन थर लावायचे इतकंच. काय करू?

---

दांडियाबाजारकर | ४ ऑगस्ट, रात्री ११:०५

मराठी माणूस फोर्कलिफ्ट घेतोय हेच वाचून ऊर भरून आला. आमच्या वाड्यात अजून स्कूटर घ्यायची तरी तीन पिढ्यांची बैठक बसते.

मला त्यातलं काही कळत नाही. पण धागा वाचणार.

---

पोरची पोर | ५ ऑगस्ट, सकाळी ८:१०

माझं पोर-रमणगामडीला कोरुगेटेड बॉक्सचं युनिट आहे. पाच वर्षांपूर्वी याच फेऱ्यातून गेले, म्हणून एकच प्रश्न विचारते दादा. दिवसाला किती तास चालणार? मला तेव्हा कोणी हे विचारलंच नाही. सगळे किंमत, ब्रँड, रंग यावरच बोलत होते.

---

रेडिएटरवाला | ५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

ताई, अंदाजे चार-पाच तास? नक्की नाही सांगता येत. ट्रक आला की काम, नाहीतर उभी.

---

पोरची पोर | ५ ऑगस्ट, सकाळी ९:४२

मीही चार-पाचच सांगितले होते. घेतल्यावर मीटर बघितला तर दीड तास. मी नवीन घेतली, साडेदहा लाखांची. गाडी उत्तम आहे, तक्रार काहीच नाही. पण दिवसातले साडेसहा तास ती सावलीत उभी असते आणि हप्ता मात्र पूर्ण दिवसाचा जातो.

---

कलाभवन७९ | ५ ऑगस्ट, दुपारी १:१५

नव्या-जुन्याचा वाद जरा बाजूला ठेवा. आधीच एक गडबड दिसतेय.

तुमचा क्रेट १.८ टन आणि गाडी २ टनी, म्हणजे पुरेल, असं तुम्ही धरलंय. नाही पुरणार. फोर्कलिफ्टवर लिहिलेली क्षमता ही लोड सेंटर ५०० मिमी धरून असते. म्हणजे मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या (माल उचलणाऱ्या एल-आकाराच्या दोन पात्यांच्या) उभ्या भागापासून अर्ध्या मीटरवर असेल, तरच २ टन. तुम्ही क्रेट लांब बाजूने उचललात तरी त्याची खोली दीड मीटर आहे, म्हणजे मध्य ७५० मिमीवर.

ही गाडी म्हणजे तराजू. पुढचा अॅक्सल हा टेकू, एकीकडे माल, दुसरीकडे मागचं काउंटरवेट. माल जितका पुढे सरकेल तितकी क्षमता कमी. पुढच्या अॅक्सलच्या मध्यापासून फोर्कच्या उभ्या भागापर्यंतचं अंतर साधारण ४५० मिमी धरा. आता हिशेब: २००० गुणिले ९५०, भागिले १२००. उत्तर १,५८३ किलो. तुमचा क्रेट १,८०० चा. मागची चाकं उचलली जाऊ शकतात, आणि स्टिअरिंग मागच्याच चाकांना असतं. पुढचं सांगायला नको.

२.५ टनी घेतली तर १,९७९ किलो. कागदावर जमतंय, पण साइड शिफ्टर (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा जोड) लावला की त्यातून आणखी वजा होतं. तुम्हाला ३ टनी हवी. तीच गणितं केली तर २,३७५ येतात. अर्थात अंतिम शब्द गाडीवरच्या कपॅसिटी प्लेटचा, माझ्या गणिताचा नाही. ज्या जुन्या गाडीवर प्लेटच नाही, ती बघायला जाण्यात पेट्रोल घालवू नका.

---

रेडिएटरवाला | ५ ऑगस्ट, दुपारी १:५०

काका, दोन्ही कोटेशन देणाऱ्यांपैकी एकानेही क्रेटचं माप विचारलं नाही. फक्त वजन विचारलं. आज रात्री जेवताना बाबांना काय सांगायचं हा प्रश्न आहे.

---

कलाभवन७९ | ५ ऑगस्ट, दुपारी २:०५

सांगा की तुम्ही दोघंही चूक होतात, आता बरोबरीत. आणि दोन प्लॉटमध्ये जीआयडीसीचा रस्ता आहे म्हणालात. मोटार वाहन नियमांत 'कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट व्हेइकल'च्या व्याख्येत फोर्कलिफ्ट ट्रकचं नाव घालून उल्लेख आहे. सार्वजनिक रस्ता ओलांडणार असाल तर रजिस्ट्रेशन आणि विम्याचा प्रश्न येतो. आरटीओतल्या माणसाशी आधीच बोलून घ्या. जुनी गाडी घेताना तिची कागदपत्रं नसतील तर हे आणखी अवघड होतं.

---

मंजुसरवाला | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

आमच्या गोदामात तीन इलेक्ट्रिक आहेत, दोन पाळ्या चालतात. तिन्ही नवीन घेतल्या. तुमच्या मेहुण्याचं म्हणणं आमच्यासाठी अगदी बरोबर आहे. बंद गोदाम, आत माणसं, धूर नको, आवाज नको. तुमच्या उघड्या शेडला ही गरज नाही.

जुनी इलेक्ट्रिक मात्र कोणी गळ्यात मारली तर सावध. जुन्या इलेक्ट्रिकमध्ये तुम्ही गाडी विकत घेत नाही, बॅटरी विकत घेता, आणि गाडी तिच्याबरोबर येते. ४८ व्होल्टची म्हणजे २ व्होल्टचे २४ सेल. लेड-अॅसिडचं आयुष्य चार्ज-डिस्चार्जच्या साधारण दीड हजार फेऱ्या, तेही रोज डिस्टिल्ड वॉटर बघितलं आणि ८० टक्क्यांपेक्षा जास्त उतरू दिली नाही तर. बडोद्याच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, त्यातही घट येते. हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अॅसिडची घनता मोजणारा) घेऊन जा, पूर्ण चार्जला १.२८० च्या आसपास यायला हवं. २४ पैकी एक जरी सेल १.२०० ला अडकला असेल तर दर निम्मा करा नाहीतर घरी या. नवीन बॅटरीला आम्हाला गेल्या वर्षी अडीच लाख लागले.

लिथियम टाकून घेऊ असं कोणी म्हणालं तर आणखी एक गोष्ट. लेड-अॅसिडचं ते धूड नुसतं वीज देत नाही, काउंटरवेटचं कामही करतं. हलकी लिथियम बसवली आणि कमी झालेलं वजन भरून काढलं नाही, तर कलाभवन काकांचा तराजू पुन्हा पुढे झुकतो.

---

तेलकट_हात | ५ ऑगस्ट, रात्री ९:३५

मेंटेनन्समध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली वीस याच गाड्यांखाली झोपून. रिटायर झालो तरी लोक जुनी गाडी बघायला घेऊन जातात, चहा-सेवउसळीच्या बोलीवर. सांगतो, सुचेल तसं.

अवरमीटरवर विश्वास ठेवू नका. तो बदलायला अर्धा तास लागतो. ४,१०० तास म्हणतात ना, मग ब्रेकचं पेडल बघा. रबर घासून लोखंड चकचकीत झालंय का? सीटचा डावा काठ फाटलाय का? ऑपरेटर दिवसात शंभर वेळा तिथूनच उतरतो. स्टिअरिंगचा नॉब गुळगुळीत झालाय का? मीटर खोटं बोलतो, पेडलला ते जमत नाही.

मग फोर्क. सगळे टोकाकडे बघतात. तुम्ही टाच बघा, जिथे आडवा भाग उभ्याला मिळतो ती. वर्षानुवर्षं जमिनीवर घासून तिथली जाडी कमी होते. उभ्या भागाची जाडी कॅलिपरने मोजा, तो घासलेला नसतो. मग टाचेची मोजा. उभा ४० मिमी आणि टाच ३६, म्हणजे १० टक्के गेली, फोर्क बाद. लोक म्हणतात चारच मिलिमीटर तर गेलेत. पण वाकण्याची ताकद जाडीच्या वर्गाने जाते. ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१, पाचवा हिस्सा ताकद गेली. आणि टाचेला कोणी वेल्डिंग केलेलं दिसलं तर तिथूनच नमस्कार करून परत फिरा.

चेन. मास्टची, म्हणजे फोर्क वर-खाली नेणाऱ्या उभ्या खांबाची, चेन ताणून लांब होते, तुटायच्या आधी सांगून जाते, फक्त कोणी ऐकत नाही. नवीन असताना ३०० मिमी भरणारा तुकडा ३०९ भरला की चेन बदलायची.

मास्टचा सिलिंडर. पूर्ण वजन उचला, गाडी बंद करा, खडूने खूण करा आणि चहा प्या. १० मिनिटांत १०० मिमीपेक्षा जास्त खाली आली तर सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. दलाल म्हणेल, वजन नाहीये इथे. ज्याच्या अंगणात उचलून दाखवायला वजन नाही त्याच्याकडून फोर्कलिफ्ट घ्यायची कशाला?

इंजिन थंड असताना जा. आधी सांगून गेलात तर ते तापवून ठेवतात. बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर म्हणा, दोन तासांनी येतो.

माझं मत विचाराल तर दिवसाला दोन-तीन तासांच्या कामाला चांगली जुनी डिझेल पुरते. जुन्या गोदरेज, व्होल्टासच्या गाड्यांचे पार्ट आणि मिस्त्री इथे जवळच मिळतात. परदेशातून बंदरावर उतरलेल्या जुन्या गाड्या दिसायला देखण्या असतात, पण एका पंपासाठी मी स्वतः सात आठवडे थांबलोय.

---

दांडियाबाजारकर | ५ ऑगस्ट, रात्री १०:१०

काका, या कसोट्या लग्नाच्या स्थळांना लावल्या असत्या तर गावातली निम्मी मंडळी बिनलग्नाची राहिली असती.

---

हिशेबनीस | ६ ऑगस्ट, सकाळी ११:००

सीए आहे, म्हणून कंटाळवाणा भाग माझ्याकडे.

पहिली गोष्ट, किमतींची तुलना जीएसटी वगळून करा. समजा ३ टनी नवीन १२ लाखांना आली. १८ टक्क्यांनी ती १४.१६ होते, आणि घरातले वडीलधारे १४.१६ ची तुलना जुन्या ५ लाखांशी करतात. पण ते २.१६ लाख तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतात, म्हणून तुलना १२ शी करा. जुनी घेताना बिल कोणतं मिळणार ते आधी विचारा. जुन्या मालाचा व्यापारी मार्जिन स्कीममध्ये असेल तर तो टॅक्स फक्त स्वतःच्या नफ्यावर भरतो. आणि 'कच्चं बिल चालेल ने?' असं विचारणारा भेटला तर नाही म्हणा. तुमच्या पुस्तकात ती गाडी येणारच नाही, मग घसारा कशावर घेणार?

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. यंत्रावर १५ टक्के, नवीन असो की जुनं. पण उत्पादन करणाऱ्याने नवीन यंत्र घेतलं तर पहिल्या वर्षी आणखी २० टक्के अतिरिक्त घसारा मिळतो. आधी कोणी वापरलेल्या यंत्राला तो नाही. तुमची भागीदारी फर्म असेल (कमी दराची सवलतीची करपद्धत निवडलेल्या कंपन्यांना हा लाभ नाही) तर १२ लाखांवर पहिल्या वर्षी ३५ टक्के, म्हणजे ४.२० लाख घसारा. सेस धरून ३१.२ टक्क्यांनी कर साधारण १.३१ लाखांनी कमी. ५ लाखांच्या जुनीवर १५ टक्के, ७५ हजार, त्यावर कर कमी होतो सुमारे २३ हजार.

आता विक्रेते जे सांगत नाहीत ते सांगते. हा कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. पहिल्या वर्षी जास्त घसारा घेतला की पुढच्या वर्षांत घ्यायला कमी उरतो. हाताशी लवकर पैसे राहतात, एवढाच फायदा. एक लाख वाचवायला सात लाख जास्त खर्च करणारी माणसं मी दर मार्चमध्ये बघते.

आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर दोन्ही घसारे त्या वर्षी निम्मे. नवीन घ्यायचं ठरलंच तर ऑक्टोबर उजाडायच्या आत आणून कामाला लावा.

---

रेडिएटरवाला | ६ ऑगस्ट, दुपारी ३:२५

फर्मच आहे, बाबा आणि मी. ताई, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. 'पुढे ढकलला जातो' यावर ते इतके खूश झाले की परत वाचायला लावली.

दलालाला ३ टनी आहे का विचारलं. आहे म्हणतो, पावणेपाच लाख, २०१६ ची. रविवारी बघायला जातोय. तेलकट_हात काका, येता का? सेवउसळ माझ्याकडून.

---

तेलकट_हात | ६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

दोन प्लेट. आणि कॅलिपर मी आणतो.

---

मंजुसरवाला | ७ ऑगस्ट, सकाळी १०:१५

अजून एक वाट सांगून ठेवतो, भाड्याची. आमच्याकडे दिवाळीआधी काम दुप्पट होतं तेव्हा दोन गाड्या महिन्याने आणतो. गाडी बंद पडली तर मालकाची डोकेदुखी. ठरावीक तासांच्या वर गेलं की जादा पैसे, तेवढं करारात वाचून घ्या.

---

रेडिएटरवाला | १० ऑगस्ट, रात्री ९:५०

रविवारचा अहवाल. मोठा आहे, पण लिहायलाच हवा.

गाडी वाघोडिया रोडच्या मागे एका कुंपणात उभी. रंग कोरा, पिवळा धमक. मी तर बघताक्षणी पसंत करून टाकली होती. काकांनी चहा नाकारला, कोट काढला आणि पहिलं काम काय केलं असेल? रंगाकडे ढुंकूनही न बघता मागे गेले आणि काउंटरवेटच्या खालच्या फटीत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते वाळलेल्या करड्या चिखलाने माखलेलं. बारीक, मऊ, पिठासारखा.

मग सीट उचलली. खाली वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर. मग मागच्या बाजूला एका सरळ रेषेत, जमिनीपासून साधारण मांडीएवढ्या उंचीवर, रंगाखालून गंजाची किनार दिसत होती. काका म्हणाले, ही विश्वामित्री नदीच्या पुराची सही आहे.

दलाल म्हणाला पाऊस लागला असेल थोडा. काकांनी अॅक्सलच्या तेलाचा प्लग सैल करायला लावला. तेल दुधट, चहात साय पडल्यासारखं. पाणी आत गेलेलं. दलाल मग गप्प झाला आणि चार लाखांवर आला. आम्ही निघालो तेव्हा तीनवर होता.

---

तेलकट_हात | १० ऑगस्ट, रात्री १०:३०

ऑगस्ट २०२४ च्या पुरात अकोटा, मुजमहुडा, वडसर या भागांत पाणी किती दिवस होतं आठवा. माणसांची घरं गेली, तिथे यंत्रं कोण बघतोय. तेव्हा बुडालेला बराच माल धुऊन, रंगवून फिरतोय. २०१९ च्या पुरानंतरही हेच झालं होतं.

बुडालेली डिझेल गाडी वाचत नाही असं नाही. लगेच उघडून सगळी तेलं, बेअरिंगं, सीलं बदलली तर वाचते. पण जो हे करतो तो बिलं जपून ठेवतो आणि स्वतःहून दाखवतो. लपवलं याचाच अर्थ केलं नाही. इलेक्ट्रिक बुडाली असती तर तिच्यापाशी मी थांबलोही नसतो, कंट्रोलर आज चालतो आणि पुढच्या पावसाळ्यात बसतो.

---

दांडियाबाजारकर | १० ऑगस्ट, रात्री १०:४४

सीटखाली विश्वामित्रीतली मगर नव्हती ना?

---

पोरची पोर | ११ ऑगस्ट, सकाळी ८:३०

दादा, आता घाईने दुसरी बघू नका. मंजुसरवाले म्हणतात तसं एक महिना भाड्याने आणा आणि मीटर रोज लिहून ठेवा. मला हे कोणी सांगितलं असतं तर आज माझा हप्ता निम्मा असता.

---

रेडिएटरवाला | १४ सप्टेंबर, रात्री ९:१५

गणपती झाले, धागा वर काढतोय.

१६ ऑगस्टपासून ३ टनी डिझेल भाड्याने आणली. महिना ३५ हजार, ऑपरेटर वेगळा. म्हणजे हायड्रापेक्षा फार महाग नाहीच. रोज सकाळ-संध्याकाळ मीटर वहीत लिहिला. बाबांनी स्वतः लिहिला, वहीच्या पहिल्या पानावर श्री काढून.

२४ दिवस काम झालं. एकूण ४१ तास. म्हणजे दिवसाला पावणेदोन तासांहून थोडं कमीच. ज्या दिवशी दोन ट्रक एकदम आले त्या दिवशी साडेतीन. तीन दिवस तर अर्धा तासही नाही. मी तुम्हाला चार-पाच सांगितले होते. पोरची पोर ताई, हसा.

वर्षाचे ३०० दिवस धरले तरी सुमारे पाचशे बारा तास होतात. या वेगाने नवीन गाडीचे दहा हजार तास भरायला मला साडेएकोणीस वर्षं लागतील. तोवर मी बाबांच्या वयाच्या जवळपास पोचेन.

---

हिशेबनीस | १४ सप्टेंबर, रात्री ९:४०

इतक्या तासांवर अतिरिक्त घसाऱ्याचा विचारही करू नका.

---

कलाभवन७९ | १५ सप्टेंबर, सकाळी ७:५०

वही जपून ठेवा. काम वाढून दिवसाला पाच-सहा तासांवर गेलं तर उत्तर बदलेल. तेव्हा गाडी बंद पडलेला एक दिवस हप्त्यापेक्षा महाग पडतो, आणि नवीनच्या वॉरंटीला अर्थ येतो. आज तुमच्याकडे गाडी एक दिवस बंद पडली तर काय होईल? हायड्रा मागवाल, शिव्या द्याल, चालेल.

---

रेडिएटरवाला | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

घेतली. जुनी, ३ टनी डिझेल, २०१७ ची. दलालाकडून नाही. हालोलच्या एका कारखान्याने माल हलवायला कन्व्हेअर टाकला, त्यांना दोन गाड्या नको होत्या. पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची फाइल मिळाली, दर २५० तासांची नोंद, शेवटची ५,८०० तासांवर. मीटरही ५,८६० दाखवत होता. पक्कं बिल, ५.६० लाख अधिक जीएसटी.

काकांनी फोर्कची टाच मोजली, ३८.५ मिमी. चेन ठीक. खडूची खूण दहा मिनिटांत ३० मिमी खाली आली. तीन टनांचं वजन कारखानावाल्यांनी स्वतःच आणून ठेवलं होतं, मागावं लागलं नाही. मागचे दोन टायर घासलेले होते, ते सॉलिड टाकून घेतले. टिल्ट सिलिंडरची सील किट, सगळी तेलं, फिल्टर, बेल्ट मिळून आणखी ६२ हजार गेले. हा खर्च जुन्या गाडीच्या किमतीतच धरायचा, हे काकांनी आधीच बजावलं होतं.

नवीनच्या आणि या गाडीच्या किमतीतला जो फरक राहिला, त्यातून अंगणात जिथे गाडी वळते तिथलं काँक्रीट नव्याने करतोय. कपॅसिटी प्लेटचा फोटो काढून शेडमध्ये लावलाय, खाली क्रेटचं माप लिहून. रस्ता ओलांडण्याचं आरटीओत विचारतोय, तोवर पलीकडच्या प्लॉटवर हायड्राच.

---

मंजुसरवाला | २८ सप्टेंबर, रात्री ८:०५

अभिनंदन! पण चालवणार कोण? भाड्याच्या गाडीचा ऑपरेटर तर गेला.

---

रेडिएटरवाला | २८ सप्टेंबर, रात्री ८:२०

आमचाच एक वेल्डर. बाबांचं म्हणणं होतं, ट्रॅक्टर चालवतो तर ही काय अवघड. महिनाभर रीतसर ट्रेनिंगला पाठवलाय.

---

तेलकट_हात | २८ सप्टेंबर, रात्री ८:५५

बरं केलंत. ट्रॅक्टरवाला पहिल्या दिवशी हमखास मागचा कोपरा कशाला तरी घासतो, कारण ही गाडी मागून वळते. मी एक मुलगा भिंत आणि गाडीच्या मध्ये दोन्ही पाय अडकलेला बघितलाय. ड्रायव्हरही ट्रॅक्टरवालाच होता. माल जमिनीपासून वीतभर वर, मास्ट मागे कललेला, उतारावर माल कायम चढाकडे. हे पाठ करून घ्या त्याच्याकडून. आणि वर्षातून एकदा अधिकृत कॉम्पिटंट पर्सनकडून तपासणीचं सर्टिफिकेट, विसरू नका. फॅक्टरी इन्स्पेक्टरने मागायच्या आत.

---

पोरची पोर | २९ सप्टेंबर, सकाळी ९:००

माझी विकायची आहे, तासांना अगदीच कमी चाललेली. कोणाला नवीनसारखी जुनी हवी असेल तर सांगा. गंमत नाही करत.

---

रेडिएटरवाला | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१०

वेगळीच बातमी. ती पुरातली पिवळी आठवते? आज एका विक्रीच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. आता रंग नारिंगी आहे. पण उजव्या मडगार्डला तोच पोचा. मजकूर: 'एकहाती वापर, कधीही बाहेर उभी केलेली नाही.' मागणी साडेपाच लाख.

---

तेलकट_हात | ११ ऑक्टोबर, रात्री १०:२५

खाली कमेंटमध्ये लिहा, काउंटरवेटच्या फटीत बोट घालून फोटो पाठवा.

---

रेडिएटरवाला | ११ ऑक्टोबर, रात्री १०:४०

लिहिलं. मला ग्रुपमधून काढलं.